उचललेल्या हाताचा कर्ता

माणूस स्वतःचा हात उचलतो तेव्हा तो नेमके काय करतो, हा प्रश्न वरवर पाहता निरर्थक वाटला तरी भारतीय आणि पाश्चात्त्य अशा दोन्ही तत्त्वपरंपरांनी तो गंभीरपणे हाताळला आहे. कणादाच्या नावावर असलेल्या वैशेषिक सूत्रांचा पाचवा अध्याय हाताच्या हालचालीपासूनच सुरू होतो. आत्म्याशी असलेला संयोग आणि प्रयत्न या दोहोंमुळे हातात ‘कर्म’ उत्पन्न होते, असे तेथे म्हटले आहे. कर्म म्हणजे येथे पापपुण्य नव्हे, केवळ गती. लगेच पुढच्या सूत्रांत कांडणाऱ्या हातातले मुसळ येते. मुसळ आदळून वर उसळते तेव्हा ते धरणारा हातही त्याच्याबरोबर वर जातो. पण या वर जाण्याला आघात कारण आहे, प्रयत्न कारण नाही, असा निवाडा सूत्रकार देतो. पाहणाऱ्याला दोन्ही वेळा हात वर जाताना दिसतो, आणि तरीही त्यांपैकी एक कृती असते व दुसरी केवळ घटना असते. त्यानंतर कित्येक शतकांनी लुडविग विट्गेन्स्टाइन याने १९५३ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ‘फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स’ या ग्रंथात हाच पेच वजाबाकीच्या रूपात मांडला: माणसाने हात उचलला यातून हात वर गेला एवढे वजा केले, तर मागे काय उरते?

धडधाकट शरीरात ही वजाबाकी केवळ विचारात करता येते, कारण तेथे इच्छा, जोर आणि हालचाल ही एकमेकांना इतकी चिकटून असतात की त्यांच्यामध्ये सुईच्या अग्राएवढीही फट सापडत नाही. मज्जातंतू तुटलेल्या खांद्यात मात्र ती वजाबाकी प्रत्यक्ष घडलेली असते. मानेतल्या मज्जारज्जूपासून निघणारी चार मुळे आणि छातीचे पहिले मूळ एकमेकांत गुंफून काखेकडे जातात; मज्जातंतूंच्या या जाळ्याला वैद्यक ‘ब्रेकियल प्लेक्सस’ म्हणते, आणि खांद्यापासून बोटांपर्यंतच्या जवळजवळ सर्व हालचाली व संवेदना त्यातून जातात. दुचाकीवरून फेकला गेलेला माणूस खांद्यावर आपटतो, डोके एका बाजूला आणि खांदा दुसऱ्या बाजूला ताणला जातो, आणि जाळ्याची वरची मुळे, म्हणजे मानेचे पाचवे आणि सहावे, फाटतात किंवा मज्जारज्जूतून मुळासकट उपटून येतात. भारतात प्रौढांमधल्या अशा दुखापतींचे सर्वांत मोठे कारण दुचाकीचे अपघात हेच आहे. या दोन मुळांबरोबर खांदा बाजूला उचलण्याची, दंड बाहेरच्या बाजूला वळवण्याची आणि कोपर वाकवण्याची शक्ती जाते, पण पंजाची पकड बहुधा शाबूत राहते. ज्याची मूठ घट्ट आवळते त्यालाच हातातला घास तोंडापर्यंत नेता येत नाही, आणि ही अवस्था संपूर्ण लुळेपणापेक्षा वेगळ्या प्रकारे दुःसह असते.

खांद्याभोवतालच्या अशा आघातांची नोंद भारतीय वैद्यकात जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात एकशे सात मर्मांचे वर्णन येते, आणि त्यांपैकी ‘अंस’ या मर्मावर आघात झाल्यास बाहू ताठरतो, ‘अंसफलक’ या मर्मावर झाल्यास बाहू बधिर होऊन सुकतो, असे तेथे सांगितले आहे. सुश्रुताला मज्जातंतूंची आजची कल्पना होती असे यावरून म्हणणे त्याच्यावरही अन्याय करणारे आहे, कारण त्याचे मोठेपण त्याने जे डोळ्यांनी पाहिले ते नेमके नोंदवण्यात आहे; बधिरता आणि सुकणे ही दोन्ही लक्षणे एकत्र टिपणारा निरीक्षक कोणत्याही काळात दुर्मीळच असतो.

मूळच उपटले गेले असेल तर ते पुन्हा मज्जारज्जूत रुजवून कार्य परत मिळवणे नेहमीच्या उपचारात शक्य होत नाही, म्हणून शल्यचिकित्सक दुसरा मार्ग धरतात. जो मज्जातंतू शाबूत आहे आणि ज्याचा काही भाग काढून घेतल्याने मोठे नुकसान होत नाही, तो कापून निकामी झालेल्या मज्जातंतूच्या पुढच्या टोकाशी जोडला जातो. या शस्त्रक्रियेला मज्जातंतूचे प्रत्यारोपण किंवा ‘नर्व्ह ट्रान्सफर’ म्हणतात. मान आणि पाठ यांवर पसरलेल्या ट्रॅपिझियस स्नायूला, म्हणजे खांदे उडवणाऱ्या स्नायूला, चालना देणारा ‘स्पायनल ॲक्सेसरी’ मज्जातंतू हा येथे नेहमीचा दाता असतो. त्याच्या वरच्या शाखा जागेवर ठेवून खालचा भाग खांद्याच्या पात्यावरून जाणाऱ्या ‘सुप्रास्कॅप्युलर’ मज्जातंतूला जोडला जातो. थायलंडमधले शल्यचिकित्सक सोमसाक लीचावेंगवोंग्स आणि त्यांचे सहकारी यांनी २००३ साली त्याला आणखी एका पद्धतीची जोड दिली: कोपर सरळ करणाऱ्या ट्रायसेप्स स्नायूकडे जाणारी एक शाखा डेल्टॉइड स्नायूच्या, म्हणजे खांद्याला गोलाई देणाऱ्या स्नायूच्या, मज्जातंतूला जोडायची. सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक धाग्याने घातलेले हे टाके काही तासांचे काम असते, पण त्यातून हात वर जायला महिने, कधी वर्षे लागतात, आणि तत्त्वचिंतनाच्या दृष्टीने महत्त्वाचा काळ हा मधलाच आहे.

या मधल्या काळात शरीरात काय चालते, हे कळायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. ऑगस्टस वॉलर याने १८५० साली बेडकाच्या जिभेकडे जाणारे मज्जातंतू कापून दाखवले की कापलेल्या जागेपासून पलीकडचा संपूर्ण भाग विघटित होतो. पुढे सान्तियागो रामोन इ काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाने वाढत्या अक्षतंतूच्या टोकाशी असलेला ‘वृद्धिशंकू’, म्हणजे वाट शोधत पुढे सरकणारा फुगीर अग्रभाग, १८९० साली वर्णिला. अक्षतंतू म्हणजे चेतापेशीचा लांब धागा, जो आदेश स्नायूपर्यंत पोचवतो. टाका घातल्यावर दात्या मज्जातंतूतले अक्षतंतू पलीकडच्या रिकाम्या नळ्यांत शिरतात. श्वान पेशी नावाच्या आधारपेशींनी त्या नळ्या जणू त्यांच्यासाठीच साफ करून ठेवलेल्या असतात. आणि मग वाढ सुरू होते ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने, म्हणजे महिन्याला जेमतेम एक इंच. रोग्याने कितीही तळमळून इच्छा केली तरी ही गती त्या इच्छेला ओळखत नाही. उलट्या बाजूने एक मुदतही चालू असते, कारण चालना न मिळालेला स्नायू हळूहळू सुकतो आणि वर्ष-दीड वर्षानंतर अक्षतंतू पोचला तरी त्याला स्वीकारण्याची त्याची क्षमता बहुतांशी संपलेली असते.

या महिन्यांत फिजिओथेरपिस्ट रोज रोग्याचा हात उचलतो, कारण सांधा आखडला तर पुढे परत येणारी शक्ती वाया जाईल. हात वर जातो, पण तो मुसळाबरोबर गेलेल्या हातासारखा जातो; गती आहे, प्रयत्न नाही. दुसरीकडे रोगी स्वतः हात उचलण्याचा आटोकाट प्रयत्न करतो आणि हात जागचा हलत नाही. प्रयत्न आहे, गती नाही. वैशेषिक सूत्राने ज्या दोन गोष्टी विचाराने वेगळ्या केल्या त्या येथे एकाच खांद्यात, एकाच सकाळी, वेगळ्या होऊन समोर येतात. विट्गेन्स्टाइनच्या वजाबाकीला काही शिल्लक आहे की नाही याबद्दल पाश्चात्त्य तत्त्वज्ञ अजून वाद घालतात, पण न्याय-वैशेषिकांचे उत्तर स्पष्ट आहे: प्रयत्न हा आत्म्याचा गुण आहे, हालचाल हा शरीराचा व्यापार आहे, आणि इच्छेतून उपजलेला प्रयत्न मनाला प्रत्यक्ष जाणवतो. त्या मताप्रमाणे सहाव्या आठवड्यात निश्चल खांद्याकडे पाहत जोर लावणाऱ्या माणसाने अपुरे काही केलेले नाही. त्याचा प्रयत्न प्रयत्न म्हणून पूर्ण आहे, उणे आहे ते शरीराच्या बाजूला.

या स्वच्छ उत्तरावर दोन अडचणी येतात, आणि त्या टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. डेव्हिड ह्यूम याने १७४८ साली प्रसिद्ध झालेल्या मानवी आकलनाविषयीच्या ग्रंथात अचानक पक्षाघात झालेल्या माणसाचे उदाहरण घेतले आहे: असा माणूस निकामी अवयव हलवायला जातो आणि निरोगी माणसाला जशी आपल्या शक्तीची जाणीव असते तशीच त्यालाही असते, म्हणजे ती जाणीव शक्तीची खूण नाहीच, कारण इच्छेचा परिणाम प्रत्यक्षात स्नायू, मज्जातंतू आणि त्याहूनही अज्ञात वस्तूंवर होतो, ज्यांची इच्छा करणाऱ्याला गंधवार्ताही नसते. विल्यम जेम्स याने १८९० साली दिलेले उदाहरण तर अधिक बोलके आहे. हाताची संवेदना गेलेल्या रोग्याचे डोळे मिटवून, त्याचा हात धरून ठेवून त्याला हात उचलायला सांगितले, तर डोळे उघडल्यावर हात उचलला गेला नाही हे पाहून तो चकित होतो. म्हणजे प्रयत्नाची आतली जाणीव हालचालीबद्दल चुकू शकते. मात्र ह्यूमचा आक्षेप प्रयत्नावर पडत नाही, तो प्रयत्नाच्या ज्ञानावर पडतो. प्रयत्न आहे एवढे मन जाणते, तो कोठवर पोचला हे मन जाणत नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते.

दुसरी अडचण न्यायदर्शनाच्या आतूनच उभी राहते आणि ती अधिक खोल आहे. नैयायिकांच्या मते प्रवृत्तीच्या आधी चिकीर्षा, म्हणजे करण्याची इच्छा, असावी लागते, आणि चिकीर्षेच्या आधी दोन ज्ञाने असावी लागतात: ही गोष्ट इष्ट फळ देणारी आहे हे एक, आणि ती आपल्या कृतीने साधणारी आहे, कृतिसाध्य आहे, हे दुसरे. चंद्र हातात घ्यावा असे वाटू शकते, पण तो घेण्याची प्रवृत्ती शहाण्या माणसाला होत नाही, कारण ते कृतिसाध्य नाही हे त्याला ठाऊक असते. मग ज्याला आपला खांदा हलत नाही हे रोज दिसते, त्याच्या ठिकाणी खांदा उचलण्याचा प्रयत्न उत्पन्नच कसा व्हावा? ही शंका केवळ ग्रंथातली नाही. जोर कोठून लावायचा तेच कळत नाही, असे जे रोगी सांगतात ते आळशी नसतात. त्यांच्यापाशी इच्छा असते, पण तिला धरून उतरायला पायरी नसते.

मज्जातंतूच्या प्रत्यारोपणानंतरच्या शिक्षणाने या कोड्याला जे उत्तर शोधले आहे ते कोणत्याही तार्किकाने कौतुकाने पाहावे असे आहे. रोग्याला हात उचल एवढेच सांगत नाहीत. खांदा कानाकडे उडव, पाते मागे खेच, कोपर जोराने सरळ कर, असे सांगतात, कारण नवी चालना त्या हालचालींच्या मज्जातंतूंतून येणार असते. खांदा उडवणे त्याला येते, ते कृतिसाध्य आहे, आणि त्या साध्य कृतीच्या पाठीवर बसून असाध्य कृती हळूहळू साध्याच्या प्रदेशात येते. काही महिन्यांनी पात्यावरच्या स्नायूत पहिले स्फुरण दिसते. स्नायूंची शक्ती शून्य ते पाच अशा श्रेणीने मोजतात, आणि केवळ आकुंचन जाणवावे पण सांधा हलू नये, ही त्यातली पहिली श्रेणी. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध हात उचलता येणे ही तिसरी. पहिल्या श्रेणीपासून तिसरीपर्यंत जाताना रोग्याच्या मनातला आदेशही बदलतो. आधी तो खांदा उडवण्याचे ठरवतो आणि हात वर येतो. मग दोन्ही एकत्र ठरवतो. आणि पुष्कळांच्या बाबतीत अखेर खांदा उडवण्याचा विचारही न करता हात उचलतो. इच्छेचा विषय कोणता हे जन्मतः ठरलेले नसते, ते अभ्यासाने ठरते, असे यातून दिसते, आणि ह्यूमच्या संशयाला याहून समर्पक उत्तर त्याच्या काळातल्या कोणाला देता आले नसते.

बरगड्यांमधले मज्जातंतू दाते म्हणून वापरले जातात तेव्हा प्रश्न आणखी गहन होतो. हे मज्जातंतू श्वासोच्छ्वासात छातीच्या स्नायूंना चालवतात. ते दंडाच्या बायसेप्स स्नायूला किंवा डेल्टॉइडला जोडले, तर आरंभी रोग्याला खोल श्वास घेतल्याशिवाय तो स्नायू आकुंचित करता येत नाही, आणि खोकल्याबरोबर किंवा शिंकेबरोबर तोच स्नायू त्याच्या इच्छेवाचून आवळला जातो. सतराव्या शतकातल्या विश्वनाथ पंचाननाच्या ‘भाषापरिच्छेद’ या ग्रंथात प्रयत्नाचे तीन प्रकार सांगितले आहेत: प्रवृत्ती, निवृत्ती आणि जीवनयोनी. जीवनयोनी प्रयत्न म्हणजे झोपेतही प्राणांचा संचार चालू ठेवणारा प्रयत्न. तो इंद्रियातीत आहे, मनालाही जाणवत नाही, असे तेथे म्हटले आहे. बरगडीतून दंडात आणलेल्या मज्जातंतूच्या मार्गाने हा न जाणवणारा प्रयत्न जाणवणाऱ्या प्रयत्नाच्या स्वाधीन होतो. पुढे पुष्कळ रोगी श्वास न थांबवता, बोलत बोलत, तो स्नायू हलवू शकतात, आणि मेंदूच्या अभ्यासांत असेही दिसले आहे की त्या स्नायूचे नियंत्रण छातीच्या क्षेत्राकडून पुन्हा हाताच्या क्षेत्राकडे सरकते. विश्वनाथाने ज्या दोन प्रयत्नांत जातिभेद मानला त्यांच्यामध्ये एक दार आहे, एवढे तरी यावरून मान्य करावे लागते. न्यायदर्शनावर हा दोष नाही. त्याच्या वर्गीकरणाला मिळालेली ही एक नवी सामग्री आहे, आणि जिवंत दर्शनाला ती मोलाची वाटली पाहिजे.

येथपर्यंत प्रयत्नाचा विचार झाला; कर्त्याचा प्रश्न उरतो, आणि महाराष्ट्रातल्या श्रद्धावान घरात तो ‘कर्ता करविता परमेश्वर’ या शब्दांत उभा राहतो. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीसाठी पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे, विविध चेष्टा आणि पाचवे दैव. शंकराचार्यांच्या भाष्यात अधिष्ठान म्हणजे शरीर, करणे म्हणजे इंद्रिये, चेष्टा म्हणजे प्राणादी वायूंचे व्यापार, आणि दैव म्हणजे इंद्रियांना अनुग्रह करणाऱ्या आदित्यादी देवता असा अर्थ घेतला आहे, आणि ज्ञानेश्वरही या ठिकाणी दैवाचा अर्थ देवतांकडेच नेतात. परंपरेत हाताची देवता इंद्र आहे. हे दैव नशीब नव्हे. इंद्रिय ज्याचे आहे असे आपण मानतो त्याच्या मालकीत न मावणारी, पण ज्यावाचून ते इंद्रिय चालतच नाही अशी शक्ती, एवढा त्याचा आशय आहे. दिवसाला एक मिलिमीटर पुढे सरकणारा अक्षतंतू आणि त्याची वाट राखणाऱ्या श्वान पेशी यांना देवता म्हणण्याचे कारण नाही, तसे म्हणणे विज्ञान आणि धर्म या दोघांनाही उथळ करणारे आहे. पण रोगी, शल्यचिकित्सक आणि उपचारक या कोणाच्याही इच्छेत नसलेले असे काहीतरी कर्माच्या कारणांत मोजावेच लागते, हा गीतेचा आग्रह या खांद्याच्या बाबतीत अक्षरशः खरा ठरतो. त्या श्लोकात कर्ता पाचांपैकी एक आहे: तो सर्वस्व नाही, आणि शून्यही नाही. लगेच पुढे, जो केवळ आत्म्यालाच कर्ता समजतो त्याची बुद्धी असंस्कृत आहे, असेही तेथे म्हटले आहे.

अद्वैती भाष्यकार यापुढे जाऊन आत्म्याला निव्वळ साक्षी ठरवतात. हा निष्कर्ष मुक्तीच्या संदर्भात कितीही उंच असला, तरी हात हलत नसताना महिनोन्‌महिने जोर लावणाऱ्या माणसाचे वर्णन त्यात बसत नाही. त्या काळाला न्याय मिळतो तो नैयायिकांच्या प्रयत्नवान आत्म्याकडूनच. हात अखेर वर येतो त्या क्षणाला मात्र गीतेच्या पाच कारणांची भाषा अधिक खरी वाटते, कारण तेव्हा आपण एकट्याने हे केले असे म्हणण्याचे धाडस क्वचितच कोणाला होते.

हा भेद जपला नाही म्हणजे रोग्याला दोन प्रकारची क्रूरता सोसावी लागते. अपघात हे पूर्वजन्मीचे भोग आहेत असे सांगणारे नातेवाईक कर्मसिद्धान्ताचा आधार घेतात, पण दुसऱ्याच्या यातनेचा हिशेब मांडण्याचा अधिकार तो सिद्धान्त कोणालाही देत नाही. दुसरी क्रूरता आधुनिक आहे आणि ती गोड बोलते: मनाची ताकद असेल तर काहीही शक्य आहे. ज्याच्या स्नायूची मुदत टळून गेली त्याचा हात मनोबलाने उठत नाही, आणि तो उठला नाही म्हणजे मनोबल कमी पडले असा ठपका त्याच्यावर येतो. महाभारताच्या अनुशासनपर्वात दैव मोठे की पुरुषकार, म्हणजे मानवी उद्यम, मोठा, असे युधिष्ठिर विचारतो, तेव्हा भीष्म वसिष्ठ आणि ब्रह्मदेव यांचा संवाद सांगतो, आणि त्यात पुरुषकाराला शेत म्हटले आहे, दैवाला बीज. सामान्य समजुतीच्या हे नेमके उलट आहे. पेरणारा हात उद्यमाचा आणि जमीन नशिबाची असे कोणीही म्हणेल. खांद्याच्या बाबतीत महाभारताचीच मांडणी बरोबर बसते. उद्यमाने अक्षतंतू वाढत नाही. उद्यमाने सांधा मोकळा राहतो, कातडी आणि हाडे जपली जातात, दात्या स्नायूची ताकद टिकते, आणि जे आपल्या गतीने येत आहे त्याला उतरायला जागा तयार राहते. बीज आले नाही तर शेत राखणाऱ्याला दोष देता येत नाही.

काही खांद्यांत ते येतच नाही. अशा वेळी शल्यचिकित्सक कधी कधी खांद्याचा सांधा कायमचा जखडून टाकतात, म्हणजे दंडाचे हाड आणि पाते एकमेकांशी एकजीव करतात. त्यानंतर पाते हलवणारे शाबूत स्नायू पात्याबरोबर संपूर्ण दंडालाच उचलतात, आणि कोपर वाकत असेल तर हात तोंडापर्यंत पोचतो. डेल्टॉइड निर्जीवच राहतो, तुटलेला मज्जातंतू तुटलेलाच राहतो, आणि शरीरशास्त्राच्या पुस्तकात हात उचलण्याची जी रीत दिली आहे ती त्या माणसाच्या शरीरात कोठेही नसते. तरीही तो घास उचलतो तेव्हा मुसळाबरोबर गेलेल्या हाताचा दाखला त्याला लागू पडत नाही. त्याच्या गतीला त्याचा प्रयत्न कारण आहे, फक्त अधिष्ठान आणि करणे बदलली आहेत. कणादाच्या सूत्राला यात काही दुरुस्ती करावी लागत नाही, कारण प्रयत्न कोणत्या स्नायूतून हातापर्यंत यावा, हे त्याने सांगितलेच नव्हते.